लघवीचा जुना त्रास, कल्चर निगेटिव्ह, आता नेमकं कुणाला दाखवू?

अबोली_२१:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू की नको करत होते, विषय असा आहे की घरातसुद्धा मोकळेपणानं बोलता येत नाही, पण आता खरंच थकले म्हणून लिहितेय. वय ४१, कराडजवळ राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. अडीच वर्षं झाली, मला दर पाऊण तासानं लघवीला जावं लागतं, रात्री चार-पाच वेळा उठते. जळजळ असते पण त्याहून जास्त म्हणजे ओटीपोटात एक कळ असते, लघवी साठत जाईल तशी वाढत जाते, जाऊन आलं की दहा-पंधरा मिनिटं बरं वाटतं आणि परत सुरू.

सुरुवात साध्या उन्हाळीसारखीच झाली होती. तेव्हा कल्चरमध्ये (लघवीतले जंतू वाढवून बघायची तपासणी) ई. कोलाय हा जंतू आला, गोळ्यांनी पाच दिवसांत बरं वाटलं. महिन्याभरानं परत तेच आणि तिथून जे मागे लागलंय ते आजपर्यंत. काल रात्री सगळी फाईल काढून बसले आणि मोजलं तर अँटिबायोटिकचे नऊ कोर्स झालेत. कल्चर सहा वेळा केलंय, पहिलं सोडलं तर पाचही वेळा 'नो ग्रोथ'. म्हणजे जंतू सापडत नाहीत तरी गोळ्या जंतूंच्याच. सोनोग्राफी दोनदा झाली, मूतखडा नाही, लघवी पूर्ण होते, मागे राहत नाही. शुगर नॉर्मल. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी तपासलं, गर्भाशय ठीक म्हणाल्या. शेवटी ज्यांना दाखवलं ते म्हणाले रिपोर्ट सगळे चांगले आहेत, तुम्ही मनाला फार लावून घेता, टेन्शन कमी करा. मी बाहेर आले आणि दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले. रिपोर्टमध्ये नाही म्हणून माझं दुखणं नाही असं कसं होईल?

शाळेत असते तोपर्यंत पाणीच पीत नाही, घरी आल्यावर पिते. पुण्याला नणंदेच्या मुलीचं लग्न होतं, एसटीचा साडेतीन-चार तासांचा प्रवास, गाडी मधे कुठे आणि किती वेळ थांबेल सांगता येत नाही म्हणून गेलेच नाही. सासरी सगळ्यांना वाटतंय मी रुसले.

कुणाला असा त्रास झालाय का? युरॉलॉजिस्टकडे (मूत्रमार्गाच्या तज्ज्ञांकडे) जाऊ की परत स्त्रीरोगतज्ज्ञांकडे? कोल्हापूर जवळ पडतं, पुणंही चालेल. जाताना काय काय न्यायचं? प्लीज सांगा.

कोथिंबीर:

ताई, धणे-जिऱ्याचं पाणी आणि सातूचं पाणी घेऊन बघा, आमच्याकडे उन्हाळी लागली की हेच देतात, लगेच उतार पडतो.

वाळूचं_घड्याळ:

कोथिंबीर, चार दिवसांच्या उन्हाळीला ते ठीक आहे हो, पण ताईंना अडीच वर्षं झालीत. घरगुती उपाय करत बसण्याची वेळ गेली आता. ताई, युरॉलॉजिस्टच गाठा.

पहाटवारा:

अबोली, तुमचं वाचून मला माझेच दिवस आठवले, अगदी पायरीवर बसून रडण्यापर्यंत. मला निदान व्हायला पाच वर्षं लागली म्हणून जरा लांब लिहिते, कंटाळू नका.

तुम्ही जे लिहिलंय ना, साठत जाईल तशी कळ वाढते आणि जाऊन आल्यावर कमी होते, हे सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. डॉक्टरांना पहिलं हेच सांगा, 'सारखी लागते' एवढंच सांगू नका. सारखी लागते म्हटलं की समोरचा माणूस इन्फेक्शनच धरून चालतो. मूत्राशयाचं दुखणं, सोबत वारंवार जावं लागणं, दीड महिन्याच्या वर चाललेलं आणि कल्चरमध्ये काही नाही, दुसरं कारणही सापडत नाही, अशा दुखण्याला इंटरस्टिशियल सिस्टायटिस किंवा ब्लॅडर पेन सिंड्रोम म्हणतात, बोलताना सगळे आयसीच म्हणतात. तुम्हाला तेच आहे असं मी म्हणत नाहीये, मी डॉक्टर नाही, पण या दिशेनं कुणीतरी बघायला हवं. नाव काही नवीन नाही, १८८७ पासूनचं आहे. तरी मला ते पहिल्यांदा ऐकायला मिळालं ते पाचव्या डॉक्टरांकडे.

आता डॉक्टर कसे शोधायचे. बऱ्याच युरॉलॉजिस्टचं रोजचं काम म्हणजे मूतखडे आणि प्रोस्टेट, त्यात ते तरबेज असतात पण आयसीचे पेशंट बघतातच असं नाही. म्हणून अपॉइंटमेंट घेताना फोनवर स्पष्ट विचारायचं की ब्लॅडर पेन सिंड्रोमचे पेशंट डॉक्टर बघतात का. रिसेप्शनवरच्या मुलीला कळलं नाही तर म्हणायचं आत विचारून सांगा, मी थांबते. मी असे चार फोन केले. तीन ठिकाणी 'सगळंच बघतात' असं उत्तर आलं, चौथ्या ठिकाणी म्हणाले की बुधवारी या, त्या दिवशी डॉक्टर असल्या पेशंटना जास्त वेळ देतात. मी तिथेच गेले. युरोगायनॅक म्हणून स्त्रियांच्या लघवीच्या तक्रारी बघणारे वेगळे तज्ज्ञही मोठ्या शहरांत आहेत, तेही चालतात.

माझ्या बाबतीत भूल देऊन दुर्बिणीतून तपासणी केली तेव्हा मूत्राशयाच्या आतल्या भिंतीवर लालभडक चट्टे दिसले, हनर लीजन म्हणतात त्यांना. बाल्टिमोरच्या गाय हनर नावाच्या डॉक्टरांनी १९१५ मध्ये त्याबद्दल लिहिलं होतं म्हणून ते नाव. ते चट्टे त्याच वेळी डागले, तुकडा तपासायला पाठवला. शुद्धीवर आले तेव्हा कॅथेटर (लघवीची नळी) होता, दुसऱ्या दिवशी काढला आणि त्या रात्री मी सलग चार तास झोपले. आमचे हे घाबरून बघायला आले होते, ही उठली कशी नाही म्हणून. वर्षभर चांगलं गेलं, मग हळूहळू परत दुखायला लागलं, परत डागून घेतलं. पूर्ण बरं होतं असं खोटं सांगणार नाही. पण हे चट्टे थोड्याच पेशंटमध्ये असतात, बाकीच्यांचं मूत्राशय आतून जवळजवळ नॉर्मल दिसतं, तेव्हा दुर्बिणीत काही नाही दिसलं तर खचू नका, त्याचा अर्थ आजार नाही असा होत नाही.

डोंगरवाट:

पहाटवारांशी सहमत, फक्त एक कळकळीनं सांगतो. कल्चर निगेटिव्ह म्हणजे आयसी असं लगेच धरू नका. माझ्या आईला तीन वर्षं हेच होतं, दर अर्ध्या तासाला लघवी, कल्चरमध्ये काही नाही. पण साध्या लघवीच्या तपासणीत पस सेल्स (पुवाच्या पेशी) दर वेळी २५-३० यायचे, ते कुणी मनावर घेतलं नाही, अँटिबायोटिक चालू. वजन आठ किलो उतरलं तेव्हा दुसऱ्या एका डॉक्टरांनी सगळे जुने रिपोर्ट टेबलावर ओळीनं मांडले आणि म्हणाले, पू आहे पण जंतू उगवत नाही, टीबी बघितलाय का? बघितला नव्हता. टीबीचा जंतू साध्या कल्चरमध्ये उगवतच नाही, त्याची तपासणी वेगळी सांगावी लागते. सकाळची पहिली लघवी लागोपाठ तीन दिवस पाठवली, सीबीनॅट (टीबीच्या जंतूची तपासणी) केलं, सीटी केला. मूत्राशय आक्रसून एवढंसं झालेलं आणि एका बाजूची किडनीकडून येणारी नळी चिकटत आलेली. औषधं सहा महिने घेतली, नळीत स्टेंट टाकावा लागला, किडनी वाचली, पण मूत्राशय काही पहिल्यासारखं झालं नाही. तीन वर्षांपूर्वी कळलं असतं तर तेही वाचलं असतं, हे मला अजून सलतं.

आपल्याकडे टीबी एवढा आहे की हा प्रश्न प्रत्येकानं विचारलाच पाहिजे. ताई, तुमच्या रिपोर्टमध्ये पस सेल्स किती आहेत ते बघा. आणि लघवीतून रक्त जातं का, अगदी नुसत्या तपासणीत दिसलेलं असलं तरी, तेही बघा. तसं असेल तर कॅन्सर नाही ना याचीही खात्री करून घ्यावी लागते, घरात तंबाखू-सिगारेट असेल तर जास्तच.

अबोली_२१:

तुम्हा सगळ्यांचे खूप खूप आभार, मला वाटलं नव्हतं एवढं कुणी लिहील. डोंगरवाट दादा, आईंचं वाचून वाईट वाटलं. तुमचं वाचल्यावर लगेच रिपोर्ट काढले. पस सेल्स पहिल्या वेळी भरपूर होते, नंतर २-४, ३-५ असेच आहेत. रक्त कुठेच नाही. वजन उतरलेलं नाही. कोथिंबीर ताई, सातूचं पाणी मी केलं होतं, थंड वाटतं पण कळ जात नाही.

स्वल्पविराम:

पाणी न पिणं थांबवा आधी. लघवी घट्ट झाली की ती आतून जास्तच झोंबते. एकदम तांब्याभर नको, दिवसभर थोडं थोडं. शाळेत न पिता घरी येऊन ढोसणं हे तर सगळ्यात वाईट.

बेलापूरचा_मुक्काम:

पुरुषांनाही होतं हे, इथे बायकांच्याच त्रासाबद्दल चाललंय म्हणून सांगतो. मला चार वर्षं प्रोस्टेटला सूज आहे म्हणून अँटिबायोटिक दिलं, कल्चर कायम कोरं. दोन्हीची लक्षणं इतकी सारखी आहेत की पुरुषांच्या बाबतीत आयसीचा विचारच होत नाही. मी रिक्षा चालवतो, कुठल्या सिग्नलजवळ सुलभ आहे ते मला पाठ झालंय. मी पालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलात गेलो. मुंबईत केईएम, सायन, नायर इथे युरॉलॉजी विभाग आहे, पण युरॉलॉजीची ओपीडी रोज नसते, ठरलेल्या वारीच असते, आधी चौकशी करून जा नाहीतर फुकट खेप होते. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा, नंबर लागेपर्यंत अर्धा दिवस जातो हे धरून चाला. पण जे निवासी डॉक्टर पहिल्यांदा बघतात त्यांनी माझं पहिल्यांदा पूर्ण ऐकून घेतलं होतं, खाजगीत तेवढं कुणी ऐकलं नव्हतं. आणि ऑपरेशन, ॲडमिशन वगैरे निघालं तर जनआरोग्य योजनेत बसतं का ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशनकार्ड जवळ ठेवा.

पहाटवारा:

अबोली, पस सेल्स कमी आहेत हे चांगलं आहे, तरी टीबीचं डॉक्टरांना विचाराच. आता जायच्या आधी एक काम करा, तीन दिवसांची लघवीची डायरी लिहा. स्वयंपाकघरात मापाचा प्लॅस्टिकचा जग असतो ना, तसला एक वेगळा आणून बाथरूममध्ये ठेवा. प्रत्येक वेळी किती वाजता, किती मिली, कळ दहापैकी किती, आणि काय प्यायलात, एवढंच. रात्रीचंही लिहायचं. शाळेचे दोन दिवस आणि एक सुट्टीचा दिवस धरा.

अबोली_२१:

झाली डायरी. जरा लाज वाटत होती पण इथेच टाकते, कुणाला अंदाज येईल.

शनिवार. पहाटे ५.५० ला १९० मिली, कळ ६. सव्वासहाला अर्धा कप चहा. ६.४० ला ७० मिली, कळ ५. ७.१५ ला ५५ मिली. शाळेत जग नेता येत नाही म्हणून नुसत्या वेळा आहेत, ८.१०, ८.५५, ९.४०, ११.००. दुपारी घरी १.२० ला ९० मिली, कळ ७. रविवारी नणंद आली म्हणून चिंचेची आमटी आणि टोमॅटोची कोशिंबीर केली होती, जेवणानंतर दीड तासात पाच वेळा गेले, एकदा तर ३० मिली, कळ ८. रात्री १२.४० ला १२०. पण पहाटे ३.३० ला २४० मिली. हे बघून मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं, मला वाटत होतं माझ्या मूत्राशयात साठतच नाही.

पहाटवारा:

हे २४० फार महत्त्वाचं आहे! म्हणजे झोपेत साठवता येतंय, मूत्राशय आक्रसलेलं दिसत नाही. आणि चिंच-टोमॅटो तर बघाच. मला चहा, लिंबू, चिंच, टोमॅटो, तिखटजाळ ठेचा आणि सोड्याची बाटली, एवढ्यांचा त्रास होतो. कोकम मात्र चालतं. प्रत्येकाचं वेगळं असतं, म्हणून सगळं एकदम सोडून उपाशी राहू नका, दोन-तीन आठवडे बंद करून एकेक परत खाऊन बघा.

हडसनकाठ:

मी न्यू जर्सीत असते, सात वर्षं आयसी आहे. एकच मुद्दा सांगते कारण तो इथे कुणी लिहिला नाही. पेन्टोसान नावाचं कॅप्सूल बऱ्याच जणांना देतात, मी तीन वर्षं घेतलं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी दाखवलं की ते खूप वर्षं घेतलेल्या काही पेशंटच्या डोळ्याच्या पडद्याला इजा होते, आणि २०२० मध्ये औषधाच्या माहितीपत्रकात तशी ताकीद आली. कुणी लिहून दिलं तर सुरू करताना पडदा तपासून घ्या आणि मग अधूनमधून तपासत राहा. वाचताना अक्षरं धूसर दिसायला लागली, अंधाराची सवय व्हायला वेळ लागायला लागला तर लगेच सांगा. मनानं बंद-चालू करू नका, डॉक्टरांशी बोलून.

नादब्रह्म_०९:

मी फिजिओथेरपिस्ट आहे. अबोली ताई, कुणी तुम्हाला लघवी रोखून धरायचे केगल व्यायाम सांगितलेत का? सांगितले असतील तर तपासून घेतल्याशिवाय करू नका. अडीच वर्षं दुखणं दाबून धरणाऱ्या माणसाचे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू बहुतेकदा आधीच आवळलेले असतात, ते आणखी आवळले की दुखणं वाढतं. त्यांना सैल करणं ही उलटी गोष्ट आहे. २०१२ मध्ये अमेरिकेत यावर एक चांगली चाचणी झाली, ८१ बायका होत्या, या स्नायूंवर हातानं उपचार केलेल्यांपैकी ५९ टक्क्यांना फरक पडला आणि नुसता अंगाचा मसाज केलेल्यांपैकी २६ टक्क्यांना. असं काम करणाऱ्या फिजिओ आपल्याकडे अजून कमी आहेत पण पुण्या-मुंबईत आहेत. पेल्विक फ्लोअरचं काम करता का असं विचारा, आणि तपासणी आतून असते, आधी समजावून सांगून तुमची परवानगी घेऊनच करतात, नको वाटलं तर थांबवायला सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

अबोली_२१:

केगल सांगितले होते!! मी रोज सकाळ-संध्याकाळ करत होते, आठ महिने. आजपासून बंद.

वाळूचं_घड्याळ:

ताई काय झालं पुढे? बरेच महिने झाले.

अबोली_२१:

सॉरी, परीक्षा आणि पेपर तपासणी यात अडकले होते. सांगते सगळं.

पुण्यात दाखवलं. पहाटवारांनी सांगितल्यासारखे फोन केले, तिसऱ्या ठिकाणी हो म्हणाले. प्रवासाची भीती होती तर मिस्टरांनी भाच्याची गाडी मागून घेतली, पाच ठिकाणी थांबलो, कुणी काही बोललं नाही, उलट चौथ्या वेळी तर मिस्टरच म्हणाले की जाऊन ये, रस्ता कुठे पळून जातोय.

डॉक्टरांनी फाईल बाजूला ठेवली आणि आधी डायरी वाचली. २४० च्या आकड्यावर पेन ठेवून मला विचारलं, या वेळी कळ किती होती? मी लिहायचं विसरले होते, पण आठवून सांगितलं, चार. मग त्यांनी फाईल बघितली, नऊ कोर्सचं ऐकून म्हणाले की कल्चरमध्ये जंतू दिसल्याशिवाय आता एकही गोळी नाही. टीबीसाठी तीन दिवसांची लघवी आणि कॅन्सर नाही ना यासाठी लघवीतल्या पेशींची तपासणी सांगितली, दोन्ही निगेटिव्ह आल्या. पाळीच्या दिवसांत जास्त दुखतं का विचारलं, कारण एंडोमेट्रिओसिससुद्धा (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढतं तो आजार) असंच दुखतं आणि कधी कधी दोन्ही सोबत असतात. मग तपासलं, आणि आतून एका बाजूच्या स्नायूवर बोट टेकवल्याबरोबर मला तीच कळ आली, अगदी तीच, अडीच वर्षांची. मी ओरडले आणि मग रडायला लागले. त्यांनी हात काढला, सिस्टरनी पाणी दिलं. डॉक्टर म्हणाले, हे मनाचं नाही.

भूल देऊन दुर्बीण टाकली, चट्टे नाहीत. निदान ब्लॅडर पेन सिंड्रोम आणि सोबत आवळलेले स्नायू. रात्री अमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅमची गोळी दिलीय, ती नैराश्याची गोळी म्हणून मेडिकलवाल्यानं सांगितल्यावर मला धक्का बसला होता, पण एवढ्या कमी मात्रेत ती दुखण्याच्या नसा शांत करायला देतात हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तोंड कोरडं पडतं, पहिले दहा दिवस सकाळी डोकं जड. ज्यांना हृदयाच्या ठोक्यांचा किंवा काचबिंदूचा त्रास आहे त्यांनी ते डॉक्टरांना आधी सांगायचं, मला विचारलं होतं. आणि फिजिओ, पंधरा दिवसांतून एकदा पुण्याला, बाकी घरी श्वासाचे आणि सैल सोडायचे व्यायाम.

सहा आठवडे झाले. मधे परत तीन दिवसांची डायरी लिहिली, दिवसा साधारण सव्वा तासानं जाते, रात्री दोनदा. कळ गेलेली नाही, ३-४ वर असते, वाईट दिवशी ६. पण आता मला माहितेय की काय आहे ते. मुख्याध्यापकांना सांगितलं, त्यांनी माझा वर्ग शौचालयाजवळच्या खोलीत हलवला. शाळेत पाणी पिते आता.

डोंगरवाट:

टीबी नाही हे वाचून फार बरं वाटलं ताई.

पहाटवारा:

सहा आठवड्यांत एवढा फरक खूप आहे, गोळी मनानं सोडू नका. मधे कधी एकदम भडकलं तर घाबरू नका, येतात असे दिवस, ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी आणि दोन दिवस साधा दही-भात नाहीतर मुगाची खिचडी. आणि ताप आला किंवा रक्त दिसलं तर मात्र आयसीच असेल म्हणून घरी बसू नका, कल्चर करा. आपल्यालाही खरं इन्फेक्शन होऊ शकतं.

नवीन_पाटी:

अबोली ताई, आज पूर्ण धागा वाचला. माझी मुलगी २३ वर्षांची आहे, नाशिकला असतो आम्ही, दीड वर्ष सगळं हेच, ती नोकरी सोडायची म्हणतेय. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे जायचंय. डायरी लिही म्हटलं तर ती म्हणते जग वगैरे मला नाही जमणार, किळस वाटते. काय करू?

अबोली_२१:

काकू, मलाही वाटली होती. तिला एक रुंद तोंडाचा जुना डबा द्या, त्याच्या आतून नेलपेंटनं खुणा करा, ५० मिलीचं औषधाचं माप घेऊन साधं पाणी ओतत जायचं आणि प्रत्येक वेळी रेघ मारायची. मग मोजायला वेगळं काही ओतावं लागत नाही, बघितलं की कळतं. आकडा मोबाईलवर टाकायचा, वही बाथरूममध्ये नको. ऑफिसातलं नाही मोजलं तरी चालेल, वेळ लिहू दे फक्त. आणि रात्रीचं नक्की लिहायला सांगा, झोपेत असली तरी. उद्या सकाळच्या पहिल्या लघवीपासून सुरू करू दे, सोमवारपर्यंत तीन दिवस होतात. नाशिकमधलं मला माहीत नाही पण कुणी इथे असेल तर सांगाच. तिला हवं असेल तर मला विपू (इथला निरोप) करू दे, मी बोलेन तिच्याशी.